टुणटुण नावाच्या उमादेवी

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एक मुलगी गाणे म्हणायला उभी राहिली होती. अंगाने भरलेली, गळ्याने गोड. मोहल्ल्यात कुणाकडे लग्न निघाले की मेंदीच्या रात्री बायका तिला मुद्दाम बोलावून नेत. तिने पहिली ओळ उचलली आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडले, "टुणटुण!" सगळे हसले. आम्हीही हसलो. गाणे तसेच टाकून ती खाली उतरली. त्यानंतर ती कधी रंगमंचावर चढल्याचे आम्हांला आठवत नाही.

त्या काळी जाड मुलीला नाव ठेवायला दुसरा शब्दच लागत नसे. मोहल्ल्यात एखाद्याच घरी टीव्ही होता. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर हिंदी चित्रपट लागला की त्या घरच्या ओसरीपर्यंत माणसे बसत. पडद्यावर टुणटुण आली रे आली की ती काही बोलायच्या आतच आमचे हसू सुरू होई. ती पडणार, खुर्ची मोडणार, एखाद्या काडीपैलवानाच्या मागे लागणार, हे आम्ही गृहीत धरलेले असे. तिला दुसरे काही नाव असेल, घर असेल, चित्रपटात येण्यापूर्वीचे आयुष्य असेल, असा विचारही कधी मनात आला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका रात्री मामूंकडे रेडिओवर जुनी गाणी लागली होती. एका गाण्याशी मामूंनी आवाज वाढवला आणि आम्हांला विचारले, "सांगा पाहू, कोण गातंय?" कुणी नूरजहाँ म्हणाले, कुणी शमशाद बेगम. मामू हसले. "अरे, ही तुमची टुणटुण. उमादेवी तिचं नाव. आम्ही तरुण होतो तेव्हा हे गाणं गल्लीगल्लीत वाजत होतं."

आम्हांला ते खरे वाटेना. खरे आहे हे पटले तेव्हा स्नेहसंमेलनातली ती मुलगी डोळ्यांसमोर उभी राहिली. एका गाणाऱ्या मुलीला गप्प करण्यासाठी आम्ही एका गायिकेचेच नाव वापरले होते.

टुणटुणला आपण सगळे 'ती' म्हणत आलो. नायिकेला 'त्या' म्हणणारी आपली भाषा विनोदी नटीपाशी आली की सहज एकेरीवर उतरते. या लेखात तरी आम्ही त्यांना 'त्या' म्हणणार आहोत.

अलीपूरची पोर

उमादेवी खत्री यांचा जन्म ११ जुलै १९२३ रोजी उत्तर प्रदेशातील अमरोह्याच्या परिसरात झाला. आईबाप कसे दिसत होते हेही त्यांना आठवत नसे. जमिनीच्या भांडणातून त्या दोघांचा खून झाला, तेव्हा उमा जेमतेम अडीच-तीन वर्षांची होती. अलीपूर गावात तिच्यापेक्षा थोडा मोठा हरी नावाचा भाऊ एवढाच आधार उरला होता. पुढे त्याचीही हत्या झाली. मग नातेवाइकांच्या घरी दोन वेळच्या भाकरीसाठी धुणीभांडी करत ती वाढली. त्या घरात गाण्याला परवानगी नव्हती. रेडिओवर कानावर पडेल ते मनात साठवायचे आणि कुणी नसताना गुणगुणायचे, एवढीच तिची तालीम. उस्ताद नाही, घराणे नाही, गंडाबंधन तर दूरच.

या काळात अख्तर अब्बास काझी नावाचे अबकारी खात्यातील एक निरीक्षक त्यांना भेटले. तुझ्या गळ्यात काही आहे, असे त्यांना मनापासून सांगणारे बहुधा हे पहिलेच माणूस. वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या सुमारास उमादेवी घरातून पळून मुंबईला आल्या. एकटी मुलगी, ओळख ना पाळख, आणि साल १९४६. त्या वर्षीची मुंबई कशी होती हे आपल्या घरांतल्या बुजुर्गांनी आपल्याला सांगितलेले आहे. नौदलातील खलाशांचे बंड झाले ते याच वर्षी, आणि शहरात दंग्यांच्या चाकूचे भय पसरले तेही याच वर्षी.

उमादेवी थेट नौशाद अलींच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मला गाता येते, संधी द्या, नाही दिलीत तर समुद्रात जीव देईन, असे त्या म्हणाल्याचे सांगतात. नौशाद स्वतः लखनौहून घरच्यांची नाराजी पत्करून आलेले, मुंबईच्या फुटपाथवर रात्री काढलेले. त्यांनी त्या मुलीला हाकलले नाही, तिचा आवाज ऐकला. त्याच वर्षीच्या 'वामिक अज़रा' या चित्रपटात त्या पहिल्यांदा गायल्या आणि पुढे ए. आर. कारदार यांच्या संस्थेशी त्यांचा करार झाला.

१९४७ साल

परळच्या कारदार स्टुडिओत तयार झालेला 'दर्द' १९४७ साली आला. या एका चित्रपटात कुठली कुठली माणसे एकत्र आली ते पाहण्यासारखे आहे. दिग्दर्शक कारदार लाहोरचे. संगीतकार नौशाद लखनौचे. गीतकार शकील बदायुनी बदायूँचे, म्हणजे अमरोह्याच्या शेजारच्याच मुलखातले, आणि गीतकार म्हणून त्यांचा हा पहिलाच चित्रपट. पडद्यावर मुनव्वर सुलताना आणि सुरैया. आणि मुनव्वर सुलतानांसाठी गाणारी ही अलीपूरची अनाथ पोर. अफसाना लिहीत बसलेल्या नायिकेचे ते गाणे देशभर गाजले. याच चित्रपटात सुरैयांबरोबरचे एक द्वंद्वगीतही उमादेवींच्या वाट्याला आले.

तो आवाज आज पुन्हा ऐकावा. मोकळा, किंचित नाकातून येणारा, हरकती-मुरक्यांच्या नादी न लागणारा. शेजारच्या खोलीत कुणी स्वतःशीच गात आहे आणि भिंतीपलीकडून ते आपल्याला ऐकू येते आहे, असे वाटते. तालीम नसणे हाच त्या गाण्यातला खरेपणा झाला आहे.

ज्या वर्षी हे गाणे घराघरांत वाजत होते, त्याच वर्षी ती घरे दुभंगत होती. नूरजहाँ पाकिस्तानात गेल्या, पुढच्या वर्षी खुर्शीद गेल्या. गाणारे, लिहिणारे, वाजवणारे कितीतरी जण सीमेच्या या किंवा त्या बाजूला निघाले होते. अशा दिवसांत अख्तर अब्बास काझी मुंबईत उमादेवींकडे आले आणि १९४७ सालीच दोघांनी लग्न केले. त्या काझीसाहेबांना 'मोहन' म्हणत. उमादेवी खत्री आणि अख्तर अब्बास काझी यांचा तो संसार १९९२ साली काझीसाहेबांचे निधन होईपर्यंत, पंचेचाळीस वर्षे, मुंबईत सुरळीत चालला. दोन मुलगे, दोन मुली, पुढे नातवंडे. फाळणीवर आपण पुष्कळ वाचतो आणि लिहितो. त्याच वर्षी जुळलेल्या आणि टिकलेल्या अशा घरांविषयी मात्र फारसे कुणी लिहीत नाही.

गळ्याकडून देहाकडे

१९४८ साली मेहबूब खान यांच्या 'अनोखी अदा'मधील त्यांची गाणी लोकांना आवडली. त्याच वर्षी मद्रासच्या जेमिनी स्टुडिओच्या एस. एस. वासन यांनी 'चंद्रलेखा'च्या हिंदी आवृत्तीसाठी त्यांना बोलावले. तेथे त्यांनी सात गाणी म्हटली. गायिका म्हणून ही त्यांची सर्वांत मोठी कामगिरी. पण कारदारांशी झालेला करार आड आला, आणि मुंबईत त्यांच्याकडे येणारे काम आटत गेले, असे सांगतात.

करार हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक मोठे होते. १९४९ साली 'महल', 'बरसात' आणि 'अंदाज़' आले, आणि लता मंगेशकरांच्या आवाजाने पार्श्वगायनाचे मापच बदलले. 'अंदाज़'चे संगीत नौशाद यांचेच. आता चाली वरच्या सप्तकात चढू लागल्या, बारीक जागा मागू लागल्या. उमादेवींच्या आवाजाचा पल्ला लहान होता. हा प्रश्न त्यांच्या एकटीचाही नव्हता. जोहराबाई अंबालेवाली, अमीरबाई कर्नाटकी, राजकुमारी अशा कितीतरी भरदार गळ्यांच्या बायका त्या दोन-चार वर्षांत मागे पडल्या. राजकुमारींवर तर पुढे कोरसमध्ये उभे राहून गाण्याची वेळ आली.

उमादेवींपुढेही तोच रस्ता होता. तो त्यांनी घेतला नाही. नौशाद यांनीच त्यांना सुचवले की तुम्ही बोलता तेव्हा माणसे हसतात, तर मग अभिनय करा. बाईंनी अट घातली, पडद्यावर येईन तर दिलीपकुमारांबरोबरच! संसाराला पैसा हवा असताना अशी अट घालायला हिंमत लागते, आणि विनोदाची जाणही लागते. अट मान्य झाली. एस. यू. सनी यांच्या 'बाबुल' (१९५०) या चित्रपटात त्या दिलीपकुमारांसमोर आल्या. एका प्रसंगात त्या अडखळून दिलीपकुमारांच्या अंगावर पडल्या आणि 'या टुणटुणला कुणीतरी उचला' अशा अर्थाचे काही ते बोलून गेले, त्यावरून हे नाव पडले, अशी कथा आहे. नाव चिकटले ते कायमचे.

'बाबुल'मध्ये नर्गिसबरोबर दुसरी नायिका होती मुनव्वर सुलताना. तीन वर्षांपूर्वी जिच्या ओठांवर उमादेवींचा आवाज होता, तीच. या चित्रपटातली गाणी आता शमशाद बेगम आणि लता यांच्या गळ्यांतून आली होती, आणि उमादेवी त्याच पडद्यावर लोकांना हसवत होत्या. त्या दिवशी त्यांच्या मनात काय आले असेल ते आपल्याला कळण्यासारखे नाही. पडद्यावर तरी त्यांनी ते दिसू दिले नाही.

हसवणाऱ्यांची बिरादरी

त्यानंतर चाळीस वर्षे त्या काम करत राहिल्या. गुरुदत्त यांच्या 'आर पार' (१९५४), 'मिस्टर अँड मिसेस ५५' (१९५५) आणि 'प्यासा' (१९५७) या चित्रपटांपासून अमिताभ बच्चन यांच्या 'नमक हलाल'पर्यंत (१९८२) त्या दिसतात. १९९० सालचा 'कसम धंदे की' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. एकूण आकडा १९८ सांगितला जातो. हिंदी पडद्यावरची पहिली विनोदी अभिनेत्री असा त्यांचा उल्लेख होतो.

ज्यांच्याबरोबर त्यांनी ही वर्षे काढली त्यांच्याकडे पाहिले तर मुंबईच्या कष्टकऱ्यांचा इतिहासच समोर येतो. जॉनी वॉकर म्हणजे बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी, बेस्टच्या बसमधला कंडक्टर. भगवानदादा पालव गिरणी कामगाराचा मुलगा. आपल्या कोकणातल्या उरणकडचे मुहम्मद उमर मुक्री चित्रपटात येण्यापूर्वी काझीचे काम करत होते. धुमाळ मराठी रंगभूमीवरून आलेले. भाकरीच्या शोधात निघालेल्या या माणसांत एक अनाथ बाईही होती. ठेंगण्या मुक्रींसमोर किंवा सडसडीत जॉनी वॉकरसमोर त्या उभ्या राहिल्या की संवादाची गरजच नसे.

या बिरादरीतही बाईचा वाटा मात्र निराळा होता. जॉनी वॉकरना मोहम्मद रफींच्या आवाजातली गाणी मिळाली, प्रेयसी मिळाली, १९५७ साली तर त्यांच्याच नावाचा चित्रपट निघाला. भगवानदादा 'अलबेला'चे (१९५१) नायक झाले. मेहमूदसाठी चित्रपटात वेगळे कथानकच लिहिले जाई. टुणटुणच्या वाट्याला बहुतेक वेळा आले ते दोन-तीन प्रवेश. कधी श्रीमंत घरची मडम, कधी भांडखोर शेजारीण, कधी लग्नाला आसुसलेली प्रौढ कुमारी. पुरुषाच्या विनोदात त्याची अक्कल, त्याची फजिती, त्याची चलाखी असे. यांच्या विनोदात लेखकाने फक्त वजन घातलेले असे. १९६७ साली फिल्मफेअरने विनोदी भूमिकेसाठी वेगळा पुरस्कार सुरू केला. पहिला मेहमूदना 'प्यार किए जा'साठी मिळाला, पुढे 'शिकार'साठी जॉनी वॉकरना मिळाला. त्या यादीत टुणटुण हे नाव कुठेही नाही.

आणि तरीही ते दोन-तीन प्रवेश नीट पाहावेत. लेखकाने दिलेल्या वजनात बाईंनी स्वतःचे काहीतरी घातले आहे. वाक्य कुठे ताणायचे, कुठे तोडायचे, श्वास कुठे घ्यायचा, हे त्यांना गायिका म्हणून ठाऊक होते. समोरच्याचे बोलणे संपते, क्षणभर शांतता, आणि मग बाई नेमक्या समेवर येतात. लाडीक हेल काढत बोलणारा तो आवाज दर्द गाणाऱ्या गळ्यातूनच आलेला आहे. गाणे सुटले, पण ताल त्यांनी सोडला नाही.

भोपळ्यातली म्हातारी

मराठीत 'टुणटुणीत' असा एक शब्द आहे. खाऊनपिऊन सुखी, ठणठणीत माणसाला तो लावतात. आणि टुणुक टुणुक जाणाऱ्या भोपळ्याची गोष्ट तर आपल्या प्रत्येकाच्या नानीने-आजीने सांगितलेली आहे. जंगलातून लेकीकडे निघालेल्या हडकुळ्या म्हातारीला वाघ अडवतो, कोल्हा अडवतो. ती म्हणते, लेकीकडून जाडजूड होऊन येते, मग खा. परतताना ती भोपळ्यात बसते आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सुखरूप निघून जाते. जनावरांना दिसतो तो गोल, हास्यास्पद भोपळा. आतली म्हातारी कुणाला दिसत नाही.

उमादेवींच्या कारकिर्दीकडे पाहताना आम्हांला ही गोष्ट आठवते. आईबाप, भाऊ मारले गेलेली, नातेवाइकांनी राबवलेली, गाणे हातचे गेलेली बाई चित्रपटाच्या जंगलातून निघाली. टुणटुण नावाच्या भोपळ्यात ती बसली आणि चाळीस वर्षे तो पुढे ढकलत नेला. मुले वाढवली, घर चालवले. भोपळ्याला हसणाऱ्या आपल्यासारख्या लाखो प्रेक्षकांना आत कोण आहे याचा पत्ता लागला नाही. मात्र एवढे म्हणून आपली सुटका होत नाही. म्हातारीला भोपळ्यात बसावे लागले ते जंगलात वाघ होते म्हणूनच.

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ज्या बायाबापड्यांना टॉकीजमध्ये जायची मुभा नव्हती त्यांनीही टुणटुणला प्रथम पाहिले ते छोट्या पडद्यावर. याच छोट्या पडद्याने पुढे विनोदी अभिनेत्रींना न्याय दिला. १९८४ च्या 'ये जो है ज़िंदगी'मध्ये स्वरूप संपत आणि फरीदा जलाल, १९९३ च्या 'देख भाई देख'मध्ये शम्मी, त्याच वर्षीच्या 'ज़बान संभाल के'मध्ये शुभा खोटे, 'तू तू मैं मैं'मध्ये रीमा लागू आणि सुप्रिया पिळगावकर. शम्मी आणि शुभा खोटे तर टुणटुणच्याच काळातल्या. या बायकांना आता घर होते, मते होती, भांडायला कारण होते, आठवड्यामागून आठवडा बोलायला संवाद होते. नुसत्या अंगाकडे बघून हसण्याचे दिवस थोडे मागे पडले. उमादेवी तोवर सत्तरीला आल्या होत्या. चांगला काळ आला तेव्हा त्यांचे काम थांबले होते.

नोव्हेंबर २००३ मध्ये अंधेरीत त्यांचे निधन झाले. वय ८० वर्षे. 'टुणटुण गेली' अशीच बातमी आपल्याकडे पसरली. 'दर्द' गाणाऱ्या उमादेवी गेल्या, असे म्हणणारे आमच्या मामूंसारखे थोडे.

हिंदी चित्रपटाला आपल्या माणसांनी काय दिले याची उजळणी आपण वारंवार करतो. शायर, संगीतकार, दिग्दर्शक, नायक, सर्वांची नावे अभिमानाने घेतो, आणि ती घ्यायलाच हवीत. पण नौशाद, शकील आणि कारदार यांनी मिळून जो आवाज घडवला, काझीसाहेबांनी ज्यावर जीव लावला, तो आवाज त्या यादीत आम्ही कधी पाहिला नाही. ना तिकडच्या यादीत, ना इकडच्या. विनोदी बाईचे नाव यादीत कशाला, असेच यादी करणाऱ्यांना वाटत असावे.

स्नेहसंमेलनातली ती मुलगी काही वर्षांपूर्वी एका लग्नात आम्हांला भेटली. आता ती नानी झाली आहे. मेंदीच्या रात्री बायकांच्या घोळक्यात बसून ती गात होती आणि आवाज अजून तसाच होता. जेवणे आटोपल्यावर आम्ही जरा संकोचाने तिला उमादेवींची हकीकत सांगितली. वाटले, तिला नवल वाटेल, बरे वाटेल. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"मला तेव्हाही माहीत होतं," ती म्हणाली. "अब्बांकडे तिची तबकडी होती. तुम्हांला कुणालाच माहीत नव्हतं, याचंच वाईट वाटलं होतं."

मग नातीने हाक मारली आणि ती उठून गेली. थोड्या वेळाने आतून पुन्हा गाणे सुरू झाले. आम्ही बाहेर मंडपात खुर्ची ओढून ऐकत बसलो. या वेळी कुणी मध्ये बोलले नाही.